मॅक्फर्सनबाई : एक बोधपर चरित्र

प्रभूच्या मळ्यात श्रम केलेल्या स्त्रीपुरुषांची चरित्रे आपण वाचतो, ती बहुधा अनुकरणासाठी वाचतो. आज जे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते काही अंशी अनुकरणासाठी व काही अंशी सावधगिरीसाठी आहे. एमी सेम्पल मॅक्फर्सन हे नाव आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसे कोणास ठाऊक नसेल, परंतु इ. स. १९२० ते १९४४ या काळात अमेरिकेत हे नाव ज्याच्या कानी गेले नाही असा मनुष्य क्वचितच सापडला असता. पेंटेकॉस्ट पंथाच्या जागृतीच्या सभांना आज जे रूप आलेले आहे, म्हणजे भव्य मंडप, दिव्यांचा लखलखाट, वाद्यांचा गजर, व्यासपीठावर येऊन साक्ष देणारे रोगी व दूरवर आवाज पोहोचविणारी यंत्रे, त्यातील पुष्कळ गोष्टींना वळण लावणाऱ्यांत या बाई अग्रभागी होत्या.

अशा सभा आता आपल्या तालुक्याच्या गावीही भरतात. भिंतीवर रंगीत जाहिराती लागतात. आंधळे पाहतील, पांगळे चालतील, अशी आश्वासने त्यांवर असतात. मग आमचे बंधुभगिनी आपल्या पाळकास विचारतात की, हे खरे की ढोंग? इतके लोक जमतात, इतके रडतात, कित्येक दारू सोडतात, मग त्यात खोटे ते काय? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणूनच एक सबंध आयुष्य वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एमीचा जन्म कॅनडा देशातील ओंटॅरिओ प्रांतात, सॅल्फर्ड नावाच्या खेड्याजवळ, ९ ऑक्टोबर १८९० रोजी झाला. बाप जेम्स केनेडी हा शेतकरी असून मेथॉडिस्ट मंडळीचा सभासद होता. आई मिनी ही मुक्तिफौजेत काम करणारी, करारी व व्यवहारदक्ष स्त्री होती. मुक्तिफौजेची मिरवणूक, झेंडे व ढोल हे मुलीने पाळण्यात असल्यापासून पाहिले. रस्त्यावरच्या माणसाला थांबविल्याखेरीज त्याला उपदेश करता येत नाही, हा धडा तिला आईच्या मांडीवरच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी ती रॉबर्ट सेम्पल नामक एका आयरिश उपदेशकाच्या सभेस गेली. हा तरुण पेंटेकॉस्ट पंथाचा होता. तो पंथ त्या वेळी अगदी नवा होता. १९०६ साली लॉस एंजेलिस शहरात, अझूसा रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत, विल्यम सीमोर या निग्रो उपदेशकाच्या सभांतून ही चळवळ वाढीस लागली व जगभर पसरली. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९०५ मध्ये, आपल्या पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मुलींमध्ये मोठी जागृती झाली होती, आणि तिची वार्ता परदेशातही पोहोचली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; शेवटी आम्हांस तिचा उपयोग आहे.

सेम्पलच्या उपदेशाने एमीचे मन पालटले. ऑगस्ट १९०८ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केले, आणि १९१० साली दोघे मिशनरी म्हणून चीन देशाकडे निघाली. हाँगकाँगला पोहोचून थोडेच आठवडे झाले, तोच दोघांनाही तापाने गाठले, आणि ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट प्रभूकडे गेला. त्या वेळी एमी एकोणीस वर्षांची असून गरोदर होती. महिन्याभरात तिला मुलगी झाली. परक्या देशात, हाती पैसा नाही, नवऱ्याची कबर मागे ठेवलेली, अशा स्थितीत ती तान्ही मुलगी घेऊन अमेरिकेला परतली. पुढे ज्या बाईंवर जगाने पुष्कळ दोष ठेवले, त्यांची सुरुवात अशी होती. सेवेसाठी किंमत देण्यास त्या भ्याल्या नाहीत, हे प्रथम लिहून ठेवणे न्यायाचे आहे.

१९१२ साली त्यांनी हॅरॉल्ड मॅक्फर्सन नावाच्या गृहस्थाशी दुसरा विवाह केला, आणि १९१३ साली त्यांस मुलगा झाला. परंतु संसारात त्यांचे मन रमेना. त्या वारंवार आजारी पडल्या, शस्त्रक्रिया झाल्या, आणि उपदेशाचे पाचारण टाळल्यामुळे आपणावर हे आले, अशी त्यांची खात्री झाली. १९१५ साली दोन्ही मुले घेऊन त्यांनी घर सोडले. नवऱ्याने काही काळ मागोमाग येऊन सभांच्या कामात साहाय्य केले. परंतु अखेर दोघे विभक्त झाली, आणि १९२१ साली घटस्फोट झाला.

त्याच १९१५ सालची एक गोष्ट बाई पुढे अनेकदा सांगत. ओंटॅरिओतील माउंट फॉरेस्ट या गावी त्यांनी सभा लावली, पण कोणी फिरकेना. तेव्हा त्यांनी एक खुर्ची उचलली, भर चौकात नेऊन ठेवली, तीवर त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले, हात वर केले, आणि दगडी पुतळ्यासारख्या स्तब्ध राहिल्या. बाई मेली की जिवंत आहे, हे पाहण्यास लोक जमले. पुरेशी गर्दी होताच त्यांनी खाली उडी घेतली व सभागृहाकडे धूम ठोकली. लोक मागोमाग धावले. सगळे आत आल्यावर त्यांनी दार लावून घ्यावयास सांगितले व उपदेशास प्रारंभ केला.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. आमच्या मते काही नाही. यिर्मया संदेष्ट्याने लोकांदेखत मडके फोडले, यहेज्केल कित्येक दिवस एका कुशीवर पडून राहिला. डोळ्यांनी दिसेल असे काही दाखवून ऐकणाऱ्याचे लक्ष वेधणे हे पवित्र शास्त्रास अपरिचित नाही. मात्र एक भेद आहे. संदेष्ट्याने मडके फोडले ते एकदा, आणि त्या मडक्याने त्याला कीर्ती दिली नाही, मार दिला. खुर्चीने मॅक्फर्सनबाईंना गर्दी दिली. आणि गर्दीची भूक अशी आहे की, कालच्या घासाने ती आज भागत नाही.

पुढील काही वर्षे बाई तंबू घेऊन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गावोगाव हिंडल्या. तंबूच्या मेखा त्या स्वतः ठोकीत. त्यांच्या मोटारीवर शुभवर्तमानाचे संदेश मोठ्या अक्षरांत रंगविलेले असत. १९१७ साली त्यांनी एक मासिक सुरू केले. १९१८ च्या अखेरीस, इन्फ्लुएंझाची साथ चालू असता, आई व दोन मुले यांस मोटारीत घालून त्यांनी सबंध खंड ओलांडले आणि लॉस एंजेलिस गाठले. त्या काळी स्त्रीने व्यासपीठावर उभे राहणे पुष्कळ मंडळ्यांस मान्य नव्हते. कोणतीही मोठी संस्था पाठीशी नसता त्यांनी हे केले. त्यांचा आवाज, विनोद, साधी भाषा व श्रम करण्याची शक्ती ही सारी असामान्य होती.

जानेवारी १९२१ मध्ये सॅन डिएगो शहरात बाल्बोआ उद्यानात त्यांनी रोगनिवारणाची सभा घेतली. तीस हजारांवर लोक जमले, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. गर्दी आवरण्यास सैनिकांची मदत घ्यावी लागली. चाकांच्या खुर्चीत आणलेली एक स्त्री प्रार्थनेनंतर उठून चालली, हे पाहून लोक आनंदाने वेडे झाले. तेव्हापासून बाई जातील तेथे रोग्यांची रांग लागू लागली. बरे करणारा ख्रिस्त आहे, मी नव्हे, असे त्या वारंवार सांगत, हे खरे आहे. देव प्रार्थना ऐकतो व रोग्यास उठवितो, यावर आमचाही विश्वास आहे. परंतु अशा सभेत जो उठून चालला तो हजारांना दिसतो, आणि जो उठला नाही त्याला नातलग मागील वाटेने मुकाट्याने घरी नेतात. दिवे पहिल्यावर असतात, दुसऱ्यावर नसतात. त्या दुसऱ्याच्या मनात आपला विश्वासच खोटा होता की काय, अशी जी जखम राहते, तिची नोंद कोणत्याही वृत्तपत्रात होत नाही.

१ जानेवारी १९२३ रोजी लॉस एंजेलिस येथे बाईंनी बांधविलेल्या अँजेलस मंदिराचे समर्पण झाले. यात ५,३०० माणसांची बसण्याची सोय होती. सिनेमाची नगरी हॉलिवूड तेथून जवळच होती, आणि तिची कला बाईंनी मंदिरात आणली. रविवारी रात्री त्या दृश्यप्रवचन करीत. व्यासपीठावर देखावे उभे राहत, नटनट्यांप्रमाणे पोशाख केलेले लोक येत, रंगीत प्रकाश पडे. एकदा तर पोलीस शिपायाचा पोशाख घालून बाई फटफटीसह व्यासपीठावर आल्या, शिटी फुंकली, आणि पापाच्या मार्गाने भरधाव जाणाऱ्यांस त्यांनी थांबण्याची आज्ञा केली. लोकांच्या रांगा रस्त्यापर्यंत जात. फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांनी मंदिराचे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले.

या साधनांचे चांगले फळही आले. २९ जून १९२५ रोजी सांता बार्बरा शहरात भूकंप झाला. बाईंनी तत्काळ रेडिओवरून हाक दिली. अन्न, कांबळी व कपडे यांनी भरलेल्या गाड्या मंदिराकडून निघाल्या. म्हणून वाद्य वाईट, दिवा वाईट, यंत्र वाईट, असे आम्ही म्हणत नाही. परंतु फटफटीने ज्यांना आणले, त्यांना पुढच्या रविवारी टिकविण्यास फटफटीहून मोठे काहीतरी लागते. हळूहळू लोक वचन ऐकण्यास येत होते की बाईंना पाहण्यास येत होते, हे सांगणे कठीण झाले. बाईंनाही ते सांगता आले असते की नाही, याची आम्हांस शंका आहे.

आता त्यांच्या आयुष्यातील अवघड प्रकरणाकडे आम्ही येतो.

१८ मे १९२६ रोजी दुपारी बाई आपल्या चिटणीस स्त्रीसह सांता मॉनिका जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्या. पोहण्याचा पोशाख करून त्या पाण्यात शिरल्या, आणि नाहीशा झाल्या. संध्याकाळी मंदिरात आईनेच उपासना चालविली, आणि आपली मुलगी प्रभूजवळ गेली, असे शेवटी मंडळीस कळविले. सहस्रावधी लोक किनाऱ्यावर जमून रडले, प्रार्थना करीत बसले. होड्या, विमाने व पाणबुडे यांनी शोध चालविला. या शोधात एक तरुण बुडून मेला, आणि एक पाणबुडाही प्राणास मुकला. २० जून रोजी मंदिरात बाईंच्या स्मरणार्थ मोठी उपासना झाली.

तीन दिवसांनी, २३ जूनला, मेक्सिकोच्या सरहद्दीवरील आग्वा प्रिएता या गावी बाई जिवंत प्रगट झाल्या. त्यांची हकीकत अशी होती की, आजारी मुलासाठी प्रार्थना करावी अशा मिषाने एका जोडप्याने त्यांना किनाऱ्यावरून मोटारीकडे नेले, गुंगीचे औषध दिले, आणि खंडणीसाठी पळवून वाळवंटातील एका झोपडीत कोंडून ठेवले. तेथून दोर कापून त्या निसटल्या व तासन्तास वाळवंट तुडवीत आल्या. त्या लॉस एंजेलिसला परतल्या तेव्हा स्वागतास इतकी गर्दी लोटली की, राजालाही तशी लाभली नसती.

परंतु प्रश्न निघू लागले. जूनच्या कडक उन्हात इतकी चाल करूनही बाईंची पादत्राणे फारशी झिजलेली नव्हती. ती झोपडी शोधूनही सापडेना. मंदिराच्या रेडिओचा पूर्वीचा यंत्रज्ञ केनेथ ऑर्मिस्टन, जो विवाहित होता, त्याने त्याच मे महिन्यात किनाऱ्यावरील कार्मेल या गावी एक घर भाड्याने घेतले होते, आणि त्या घरी त्याच्याबरोबर एक स्त्री होती. ती स्त्री बाईच होत्या, असे काही साक्षीदारांनी सांगितले, काहींनी नाकारले, काहींनी आपल्या जबान्या फिरविल्या. सरकारी वकिलाने बाई, त्यांची आई व इतर काहीजण यांच्यावर खोटा पुरावा उभा करून न्यायास अडथळा आणण्याच्या कटाचा आरोप ठेवला. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशाने खटला चालविण्याजोगा पुरावा आहे असे ठरविले. परंतु मुख्य साक्षीदार स्त्रीने इतक्या वेळा आपले म्हणणे बदलले की, १० जानेवारी १९२७ रोजी सरकारी वकिलाने आरोप मागे घेतले. पुढे तो वकील स्वतःच लाचलुचपतीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. बाईंनी आपली हकीकत मरेपर्यंत बदलली नाही.

खटला चाललाच नाही. म्हणून न्यायालयाने बाईंस दोषीही ठरविले नाही व निर्दोषही ठरविले नाही. आम्ही न्यायाधीश नाही. परंतु न्यायालयाच्या बाहेर जे सर्वांदेखत घडले, ते पाहण्याचा अधिकार प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यास आहे. चौकशी चालू असता बाई रोज संध्याकाळी मंदिरात व रेडिओवर आपलीच बाजू मांडीत. शहरातील सर्वांत मोठा लबाड कोण, हा प्रश्न त्यांनी एका प्रवचनाचा विषय केला. सैतानाशी लढण्यासाठी म्हणून मंडळीकडून निधी गोळा झाला, आणि तो या प्रकरणाच्या खर्चाकडे गेला. आरोप मागे घेतल्यावर लागलीच, १९२७ च्या आरंभी, आपल्या आयुष्याची कहाणी सांगत त्या देशभर व्याख्यानाच्या दौऱ्यावर निघाल्या. शोधात जे दोघे मेले त्यांचे मरण त्या कहाणीच्या गजरात बुडून गेले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. समजा, बाईंनी सांगितले ते अक्षरशः खरे होते. तर मग एका सत्य बोलणाऱ्या स्त्रीवर अर्ध्या देशाने विश्वास ठेवला नाही, त्याचे एक कारण असे की, आठवड्यामागून आठवडे त्यांनी लोकांना देखावे पाहावयास शिकविले होते, आणि हाही एक देखावाच असेल असे लोकांस वाटले. आता समजा, ते खरे नव्हते. तर मग हजारो भोळ्या विश्वासणाऱ्यांच्या आसवांचा, गीतांचा व अर्पणांचा उपयोग एका असत्यावर पांघरूण घालण्यासाठी झाला. पहिला पक्ष घ्या की दुसरा, नुकसान मंडळीचेच झाले. नाटकी उपदेशाचा खरा धोका हा आहे. त्याने खोटे खपते एवढेच नव्हे, तर खरेही ओळखू येईनासे होते. आणि जी मंडळी टाळ्या वाजविण्यास शिकली, ती प्रश्न विचारण्याचे विसरून जाते. त्या महिन्यांत मंदिरातील वडीलजनांपैकी कोणी उभे राहून, बाई, आम्हांला सरळ उत्तर द्या, असे प्रेमाने विचारू शकले असते काय? सारी इमारत एकाच माणसावर उभी होती. तो खांब हलला तर छप्पर पडेल, हे भय सर्वांस होते.

तरीही प्रश्न अगदीच न निघाले असे नाही. १९२७ सालीच मंदिराच्या बँडच्या प्रमुखाने बाईंची राहणी व पोशाख यांस कंटाळून मंदिर सोडले, आणि पुष्कळ सभासद त्याच्याबरोबर गेले. ज्या आईने आरंभापासून हिशेब सांभाळला, तिच्याशीही पैशांच्या व कारभाराच्या कारणाने बाईंचे वितुष्ट आले. १९३१ साली बाईंनी डेव्हिड हटन या गायकाशी तिसरा विवाह केला. पूर्वीचा पती हयात असता हा विवाह झाल्याने मंडळीतील अनेकांना अडखळण झाले. १९३४ मध्ये तोही मोडला. पुढे मुलगीही दुरावली, आणि १९३७ साली मायलेकींची भांडणे न्यायालयात उघड झाली. लाखोंच्या सभेत ज्यांना सहस्र हात उंचावून प्रतिसाद देत, त्यांच्या घरच्या मेजाभोवतीच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या.

परंतु याच वर्षांत त्यांनी एक काम असे केले की, त्याबद्दल त्यांचे वैरीही त्यांस मान देत. ऑगस्ट १९२७ मध्ये मंदिराजवळ त्यांनी अन्नवस्त्रांचे भांडार उघडले. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले, लोक उपाशी मरू लागले. त्या काळी या भांडारातून लाखो जेवणे वाटली गेली. येणाऱ्याचा धर्म, वर्ण अथवा देश कोणता हे विचारले जात नसे. सरकारी मदत मागितली तर देशाबाहेर घालवितील, या भीतीने दडून राहिलेल्या मेक्सिकन गरिबांना तेथे पोटभर अन्न मिळे. या कामी फटफटी लागली नाही, रंगीत दिवा लागला नाही. भाकरीचे पीठ, रश्श्याचे पातेले व वाढणारे हात एवढेच लागले. मॅक्फर्सनबाईंचा सर्वांत मोठा उपदेश कोणता, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही या पातेल्याकडे बोट दाखवू.

२६ सप्टेंबर १९४४ रोजी ओकलंड शहरात बाईंनी मोठ्या जनसमुदायापुढे उपदेश केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा बोलावण्यास गेला, तेव्हा त्या खोलीत बेशुद्ध आढळल्या व थोड्याच वेळात मरण पावल्या. झोपेच्या औषधाच्या गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेल्या होत्या. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो अपघाती मृत्यू ठरविला. पुष्कळ वर्षे त्यांस झोप येत नसे व प्रकृती खालावली होती. वय अवघे त्रेपन्न. अँजेलस मंदिरात त्यांचे शव ठेवले असता सुमारे पंचेचाळीस हजार लोक दर्शन घेऊन गेले. त्यांच्या जन्मदिवशीच, ९ ऑक्टोबर १९४४ रोजी, त्यांस पुरण्यात आले. आयुष्यभर त्यांच्या हातून अपार पैसा गेला, परंतु त्यांच्या मागे त्यांच्या नावची मालमत्ता सुमारे दहा हजार डॉलर एवढीच निघाली. त्यांनी स्थापिलेला फोरस्क्वेअर पंथ त्यांच्या मुलाने १९८८ पर्यंत चालविला, आणि आज तो शंभराहून अधिक देशांत पसरलेला आहे.

असे हे आयुष्य. यातून आम्ही काय घ्यावे?

पहिली गोष्ट. दान असणे व दान वापरणारा सरळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेत पाच जणांचा पालट झाला, म्हणून उपदेशकाच्या हिशेबाच्या वहीस हात लावू नये असे होत नाही. देव वाकड्या काठीनेही सरळ रेघ ओढू शकतो. पण त्यावरून काठी सरळ ठरत नाही.

दुसरी गोष्ट. तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रभूने कुष्ठरोग्यास शुद्ध केल्यावर त्याला याजकाकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले. म्हणजे ज्याच्या सामर्थ्यात कसलीच उणीव नव्हती, त्यानेही आपले काम तपासणीस पाठविले. तर मग आमच्या काळच्या सभेत बरा झालेला रोगी वैद्याकडे पाठविण्यास उपदेशकाने का कचरावे? बिरुया येथील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले, आणि लूकाने त्याबद्दल त्यांस दोष दिला नाही, गौरविले. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने सर्वांच्या विश्वासातील बांधव बरोबर घेतले, की पैशाबद्दल कोणी बोट दाखवू नये. जो उपदेशक पौलाहून अधिक विश्वास मागतो, त्यापासून सावध असावे.

तिसरी गोष्ट. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, म्हणजे लोक पाहतील, ही सूचना प्रभूस कोणी केली होती, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याने ती नाकारली, आणि तो खाली राहून खेडोपाडी पायी हिंडला.

म्हणून आमच्या मंडळ्यांस आमची विनंती अशी. गावात रोगनिवारणाची सभा भरली, तर जावयाचे की नाही हे प्रत्येकाने प्रार्थनेने ठरवावे. परंतु क्षयाचे, मधुमेहाचे अथवा फेफऱ्याचे औषध कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नये. डॉक्टराने सांगितले तरच बंद करावे. साक्ष ऐकावी, पण तीच साक्ष वर्षाने पुन्हा ऐकावी. अर्पण किती जमले व कोठे गेले, हे दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष विचारावे. आणि जो बरा झाला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात पाळकाने व वडीलजनांनी जावे; देवाने त्याला टाकले नाही, हे त्यास सांगावे, आणि तिच्या वा त्याच्या दवाखान्याच्या खर्चास हातभार लावावा.

आरंभी आम्ही केडगावचा उल्लेख केला होता. तेथेही मुली रडल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पुष्कळांस ते विचित्र वाटले. परंतु मुक्तिसदनातील शेत, छापखाना व स्वयंपाकघर चालूच राहिले. दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना अन्न, विद्या व हातास काम मिळत राहिले. आणि जिच्या घरी ही जागृती झाली, ती रमाबाई त्या जागृतीची कथा सांगत देशोदेशी फिरली नाही. ती इब्री व ग्रीक भाषांचे ग्रंथ घेऊन बसली, आणि गावच्या अडाणी बाईलाही समजावे अशा सोप्या मराठीत तिने सबंध बायबल उतरविले. ते काम पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी तिने डोळे मिटले.

दोघीही अग्नीजवळ गेल्या होत्या. एकीने त्या अग्नीचा प्रकाश बहुतकरून आपल्या मुखावर पडू दिला, आणि त्या प्रकाशात ती स्वतःच दिसेनाशी झाली. दुसरीने त्याच अग्नीवर पुढच्या पिढीसाठी भाकरी भाजली. मॅक्फर्सनबाईंनाही ती भाकरी भाजता येत होती; त्यांच्या भांडाराने ते सिद्ध केले. म्हणूनच त्यांचे चरित्र वाचताना आम्हांस संताप येत नाही, दुःख होते. आमच्या मंडळ्यांत जे तरुण उपदेशक तयार होत आहेत, त्यांनी कोणत्या कामासाठी अग्नी मागावा, हे प्रभू त्यांस शिकवो.